बॉक्सला हात लावायला कुणी सांगितलं होतं?

बस इथं. ते बिल दे इकडं. काय लिहिलंयस? ‘स्टेअरिंग बॉक्स सेटिंग, रॉड एंड दोन नग, अलाइनमेंट, मजुरी.’ वा! एवढं करून गाडी होती तशीच राहिली असती तरी मी गप्प बसलो असतो. ती आधीपेक्षा वाईट झालीय. आधी नुसती भरकटत होती, आता वळण संपल्यावर स्टेअरिंग परतसुद्धा येत नाही. अहमदपूरकडचा तो शेतकरी तुझ्या गॅरेजमधून निघाला, लोहा ओलांडल्यावर एका वळणावर सवयीनं हात सैल सोडला, तर गाडी वळतच राहिली. समोरून उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. पुढचं तूच समज.

त्यानं मला फोन केला तो तक्रार करायला नव्हे. ‘पोरगा तुमच्या हाताखालचा आहे म्हणून नांदेडपर्यंत गेलतो सर,’ एवढंच म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गाडी बाहेर शेडमध्ये उभी आहे. सकाळी मी तिच्याखाली जाऊन आलोय, तेव्हा आता जे विचारीन त्याची उत्तरं मला ठाऊक आहेत. थापा मारून वेळ घालवू नकोस. बॉक्सच्या स्क्रूला पाना लावण्याआधी तू गाडीखाली गेला होतास का?

नव्हतास. ड्रॅग लिंकच्या जॉइंटवर आपली काळी माती वाळून तिचं कवच झालं होतं. त्याच्यावर ना बोटाचा ठसा, ना चिंधी फिरल्याची खूण. ज्या सांध्यातून सगळं स्टेअरिंग चाकापर्यंत जातं त्याला तू हातच लावला नाहीस. रॉड एंड बदललेस, कारण ते चाकाशेजारी उकिडवं बसलं की हाताला येतात. बॉक्सचा स्क्रू पिळलास, कारण बॉनेट उघडलं की तो समोरच दिसतो. म्हणजे रोग कुठं आहे ह्यावर तुझं काम ठरलं नाही. तुझा हात कुठपर्यंत पोचतो ह्यावर ठरलं. आणि त्याचे पैसे गिऱ्हाइकानं दिले.

जुने रॉड एंड कुठं आहेत? भंगारात. त्याला दाखवलेस का, हा बघा इथं खेळ होता म्हणून? नाही. होता का खेळ? ‘जुने होते सर.’ जुना तर मीही आहे. बदलायचं कारण वय नसतं रे, खेळ असतो. तो हाताला लागला पाहिजे, डोळ्याला दिसला पाहिजे.

आता गिऱ्हाइकाची गोष्ट. तो म्हणाला ‘स्टेअरिंग लूज आहे’. त्याला तेवढंच म्हणता येतं, त्याच्यापुढचं विचारणं तुझं काम. पोट दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला डॉक्टर थेट टेबलावर झोपवून चिरत नाही. तू मात्र कॅबिनची काच खाली होती तिच्यातूनच हात घालून स्टेअरिंग दोनदा हलवलंस आणि म्हणालास, बॉक्स गेलाय. हे मला त्यानं सांगितलं.

ढिल्या स्टेअरिंगच्या नावाखाली निदान तीन वेगळ्या तक्रारी येतात. एक, स्टेअरिंग हलतं आणि चाक हलत नाही. हा खेळ, आणि तो कुठल्या तरी सांध्यात असतो. दुसरी, सगळे सांधे घट्ट असूनही गाडी सरळ रेषेत राहत नाही, सारखी सावरावी लागते. हे भरकटणं, आणि ह्याचा उगम बहुतेक वेळा कोनात, टायरात नाहीतर पाट्यांच्या बुशात असतो. तिसरी, खड्ड्यातून गेलं की पुढची चाकं थडथडायला लागतात आणि गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय थांबत नाहीत. ह्या गाडीत तिसरी नाही. पहिल्या दोन आहेत, आणि त्यातली मोठी दुसरी. तू पहिलीवर औषध दिलंस, तेही चुकीच्या जागी.

मी त्याला फोनवर एकच प्रश्न विचारला. रिकामी असताना जास्त त्रास होतो का भरल्यावर? तो म्हणाला, ‘रिकामी असली की लई भरकटते सर. सोयाबीनचे कट्टे टाकले की गुमान चालते.’

अरे, अर्धं निदान तिथंच झालं की! बॉक्सला काय कळतंय मागं सोयाबीन आहे का नाही? रॉड एंडला काय कळतंय? खेळ असता तर तो भरल्यावरही राहिला असता. वजन टाकल्यावर जे बदलतं ते शोधायचं. वजन टाकल्यावर बदलते ती गाडीची उंची, मागची. आणि ही गाडी मागून उचललेली आहे हे आंधळ्यालाही दिसतं.

मोजलीस का उंची? टेप तुझ्या खिशात असतो, फक्त खिशातच. मी शेजारी तसलीच न छेडलेली पिकअप लावून मोजली. पुढं एकेक पाटा वाढवलाय, तिथं दीड इंच वर आहे. मागं दोन-दोन पाटे जास्तीचे आणि वर एक्सल आणि पाट्यांच्या मधे लोखंडी ठोकळे. तिथं साडेपाच इंच. म्हणजे मागची बाजू पुढच्यापेक्षा चार इंच जास्त उचललीय. गाडी नाकावर झुकलीय. पुढच्या एक्सलपासून मागच्या एक्सलपर्यंत अंतर तीन मीटरच्या आसपास, चार इंच म्हणजे शंभर मिलिमीटर. कर गणित. शंभर भागिले तीन हजार. त्याचा कोन जवळपास दोन अंश येतो.

दोन अंश म्हणजे किती हे तुला समजत नसेल तर तुझं प्रमाणपत्र भिंतीवरून काढ. किंगपिनचा वरचा भाग किंचित मागं कललेला असतो, त्याला कॅस्टर म्हणतात, हे तू लिहिलं होतंस पेपरात. सायकलचा पुढचा काटा मागं कललेला असतो म्हणून तर हात सोडून सायकल चालवता येते, तेच इथं. असल्या अखंड एक्सलच्या गाडीला कॅस्टर असतोच मुळी दोन-तीन अंशांच्या घरात. त्यातले दोन अंश मागच्या ठोकळ्यांनी खाऊन टाकले. उरलं काय? चाकाला सरळ यायची ओढच उरली नाही. म्हणून रिकामी गाडी रस्ताभर वास घेत हिंडते. मागं दीड टन पडलं की पाटे दबतात, नाक वर येतं, कॅस्टर परत मिळतो, गाडी गुमान चालते. आणि कट्ट्यांऐवजी माळेगावच्या यात्रेतून जनावरं आणायची असली, त्यातून ती मागच्या फाळक्याकडं सरकली, की पुढचं वजन हलकं होऊन परत तेच. जनावर काय तुझ्या सोयीनं उभं राहतंय?

पुढं लांब शॅकल टाकून उंची वाढवणारेही आहेत. तिथं अजून एक बघायचं असतं, शॅकल पाट्याच्या कुठल्या टोकाला आहे. पुढच्या टोकाला असली तर पाट्याचं नाक खाली जातं आणि कॅस्टर घटतो, मागच्या टोकाला असली तर वाढतो. एकाच सामानानं एक गाडी बिघडते आणि दुसरी जड होते. ‘लिफ्ट केलेली आहे’ एवढं म्हणून भागत नाही म्हणून सांगतो. कुठून, कशानं, किती, हे वहीत यायला पाहिजे.

टायर तर तू बघितलेच नाहीस. मूळ मापापेक्षा रुंद, जाड गोट्यांचे, आणि हवा चौघांत चार प्रकारची. दाराच्या चौकटीवर हवेचं स्टिकर आहे ते मूळ टायरसाठी. ह्या टायरना किती भरायची हे कुणालाच माहीत नसल्यामुळं प्रत्येक पंक्चरवाल्यानं आपापल्या अंदाजानं भरलीय. पुढं कमी हवा असली तर स्टेअरिंग रबरात मुरतं. हे तपासायला पाच मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत. म्हणूनच बहुतेक तपासलं नसशील.

बरं, खेळ कसा शोधायचा? सांग. तोंड उघड.

‘जॅकवर घेऊन.’ नाही! तिथंच चुकता तुम्ही सगळे. आधी गाडी जमिनीवर, वजन चाकांवर. इंजिन चालू. एक माणूस आत बसून स्टेअरिंग घड्याळातल्या अकरापासून एकपर्यंत हलवतो, चाकं फिरवायची नाहीत, नुसतं इकडून तिकडं. दुसरा खाली झोपतो आणि प्रत्येक सांध्यावर हात ठेवतो. वरून सुरुवात. कॉलमच्या खालच्या सांध्याला किती हालचाल आली, तिथून बॉक्समध्ये किती गेली, ड्रॉप आर्म किती फिरला, ड्रॅग लिंक त्याच्याबरोबर हलली का उशिरा हलली, टाय रॉड, मग चाक. एका बाजूनं हालचाल शिरते आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडत नाही, तो सांधा गेला. दुसरं काही शास्त्र नाही ह्यात. चहा आणायला तुला माणूस सापडतो, स्टेअरिंग हलवायला सापडत नाही?

आणि बॉक्स हलतो का ते बघायचं; त्याच्या आतलं नंतर. बॉक्स म्हणजे पूर्ण लोखंडाचा डबा, चेसिसवर बोल्टनं बसवलेला. स्टेअरिंग हलवताना तो डबाच चेसिसवर लचकत असेल तर आत हजार स्क्रू पिळलेस तरी काय होणार? ह्या गाडीत बॉक्स घट्ट आहे, चेसिसला तडा नाही, बघितलंय मी. पण रुंद टायरच्या गाड्यांत तडा जातो, तिथं आधी वायर ब्रशनं माती काढायची आणि मग बघायचं. मातीखाली तडा दिसत नसतो.

हे झाल्यावर जॅक. एक्सलखाली जॅक, मग स्टँड. चाक वर-खाली धरून हलवायचं, मग डावी-उजवीकडून धरून. वर-खाली खेळ आला तर किंगपिनचा का बेरिंगचा? सांग. नाही आठवत? आतल्या माणसाला ब्रेक दाबून धरायला लावायचा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेरिंगचा, राहिला तर किंगपिनचा. हे मी फळ्यावर लिहून दिलं होतं, तेव्हा तू खिडकीतून मैदानावरचं क्रिकेट बघत होतास. ह्या गाडीला डावीकडचं बेरिंग सैल आहे. एका नटाचं काम. एवढ्या बिलात तेवढं राहिलंच.

आता बॉक्स. ह्याच्यासाठीच खरं तुला बोलावलंय, नीट ऐक.

त्या बॉक्समध्ये दात असे कापलेले असतात की बरोबर मधोमध ते सगळ्यात घट्ट बसतात. मधून दोन्हीकडं सरकलं की थोडी मोकळीक ठेवलेली असते, मुद्दाम. गाडी आयुष्यभर बहुतेक वेळ सरळ जाते, तिथं घट्टपणा पाहिजे. वळताना मोकळीक चालते. मग गाडी सरळ जाताना बॉक्स मधोमध असला पाहिजे की नको? ह्या गाडीत आहे का? तू बघितलंस?

मी ड्रॅग लिंक सोडली. बॉक्स सावकाश एका टोकाला नेला, टोकाला आपटायचा नसतो, तिथून दुसऱ्या टोकापर्यंत फेऱ्या मोजल्या आणि निम्म्यावर आणून ठेवला. मग चाकं सरळ करून बघितलं. ड्रॅग लिंकचा जॉइंट ड्रॉप आर्मच्या भोकासमोर येईना. तो ओढून आणायचा तर स्टेअरिंग जवळजवळ अर्धी फेरी फिरवावं लागत होतं. पुढून उचलल्यावर ड्रॅग लिंक तिरकी झाली, तिची आडवी पोच कमी झाली, थोडं तिथं गेलं. बाकीचं आधीच्या कुणा अलाइनमेंटवाल्यानं घालवलं. आणि स्टेअरिंग वाकडं दिसतंय म्हणून कुणी तरी शहाण्यानं ते वरचा नट खोलून काढलं आणि सरळ करून परत बसवलं. हॉर्नचं झाकण उचल, नटाच्या कडा सोललेल्या दिसतील. वरून सगळं सरळ. आत बॉक्स वाकडा.

म्हणजे ही गाडी सरळ रस्त्यावर जाते तेव्हा बॉक्स त्याच्या मोकळ्या भागात चालतोय. तिथं खेळ असणारच, तो बनवणाऱ्यानंच ठेवलाय. तू काय केलंस? त्या मोकळ्या जागेतला खेळ जाईपर्यंत स्क्रू पिळलास. मग खरा मध्यबिंदू जिथं आहे तिथं काय झालं असेल? दात एकमेकांत रुतले. म्हणून वळणावरून येताना स्टेअरिंग त्या जागी अडकतं आणि परत येत नाही. आधी कॅस्टर नव्हता म्हणून चाक सरळ यायला ओढ नव्हती, आता तू त्याला वाटेत कुलूप लावलंस. लोह्याच्या पुढं गाडी वळत राहिली ती ह्या कुलपामुळं. बॉक्स गेला नव्हता. आता जाईल, तुझ्यामुळं.

स्क्रू पिळण्याआधी खूण केली होतीस? किती पिळला हे माहीत आहे? ‘अंदाजे.’ अंदाजे! पांढऱ्या रंगाचा एक ठिपका लावायला काय जात होतं तुझं?

तोंडी परीक्षेत तू अकरमन घडाघडा म्हणून दाखवला होतास, आठवतं. वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळलं पाहिजे वगैरे. लंडनच्या रुडॉल्फ अकरमननं १८१८ साली त्याचं पेटंट घेतलं ते म्युनिकच्या लँकेनस्परगरच्या वतीनं, तेही घोडागाडीसाठी, हे मी सांगितल्यावर वर्ग हसला होता. दोनशे वर्षांपूर्वी घोडागाडी बनवणारा माणूस चाकाच्या कोनाचा विचार करत होता. तुझ्यासमोर डिझेल इंजिनाची, दीड टन वाहणारी गाडी उभी आहे आणि तू कोनाचं नावसुद्धा घेतलं नाहीस. तुला अकरमन पाठ आहे, फक्त गाडीखाली गेल्यावर आठवत नाही.

पाणी हवंय? पी. पण अजून संपलं नाही. सगळ्यात वाईट पुढं आहे.

तू घातलेल्या उजव्या रॉड एंडच्या नटात काय आहे? मी तुला विचारतोय. स्प्लिट पिन पाहिजे तिथं बांधकामावरच्या सळ्या बांधायची तार पिळून घातलीस. तार! खाच भोकासमोर येत नव्हती म्हणून नट मागं घेतलास हेही दिसतंय. नट कधी मागं घ्यायचा नसतो, पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा असतो. आणि पिन नव्हती तर दुकान किती लांब होतं? किती रुपयांची पिन ती? तो नट सुटला तर चाक एकीकडं आणि स्टेअरिंग दुसरीकडं. मागच्या फाळक्याला बायाबापड्या बसवून लग्नाला जातात ह्या गाड्या, जायला नको पण जातात, तुलाही माहीत आहे. बाकीच्या चुका मी अज्ञानात जमा करीन. ही आळसाची आहे आणि हिच्यासाठी तुला माफी नाही.

कायदा सांगू? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम ९८. स्टेअरिंगवरचा खेळ ३० अंशांपेक्षा जास्त नको. सांध्यांवर रबरी टोप्या पाहिजेत. बोल्ट-पिना नीट लॉक केलेल्या पाहिजेत. एवढ्याशा नियमात तुझी तारही येते आणि ड्रॅग लिंकची फाटलेली रबरी टोपीही येते, जी मातीखाली असल्यानं तुला दिसली नाही. आणि ३० अंश म्हणजे चांगली गाडी असं समजू नकोस. घड्याळात बारापासून एकपर्यंत एवढा तो कोन. हातभर रुंदीच्या स्टेअरिंगच्या कडेवर दहा सेंटिमीटर भरतात. ती शेवटची हद्द आहे, त्याच्यापुढं गुन्हा. तुझ्या गॅरेजमधून निघणाऱ्या गाडीला कडेवर इंच-सव्वा इंचापेक्षा जास्त खेळ असता कामा नये.

उंचीचंही तसंच. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं जशी गाडी दिली आणि नोंदणीत जशी लिहिली त्यात मालकाला मनानं फेरफार करता येत नाही. केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं दंडही आला, दर फेरफाराला पाच हजार रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मोज. ठोकळे, पाटे, टायर, स्पेसर. ‘सगळेच करतात सर.’ हो, एमएच-२४ आणि एमएच-२६ दोन्हीकडं शंभर दाखवीन मी तुला. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो. तेव्हा तो शेतकरी एकटा रांगेत उभा राहणार आहे, हे सगळे त्याच्यासोबत येणार नाहीत.

स्पेसर म्हणालो तर तुझा चेहरा उतरला. म्हणजे तेही बघितलं नव्हतंस? चारही चाकांना हब आणि रिमच्या मधे जाड तबकड्या टाकल्यात, चाक बाहेर दिसावं म्हणून. चाक जितकं बाहेर, तितका रस्त्याचा प्रत्येक धक्का लांबलचक तरफेनं किंगपिनवर येतो. डावं बेरिंग का सैल झालं असेल आता तूच सांग. आणि ज्या रॉड एंडना तू ‘जुने’ म्हणालास ते कशानं झिजले असतील, खरंच झिजले असतील तर? नवे घातलेस तेही त्याच वाटेनं जातील.

मागच्या एक्सलचंही ऐकून घे, थोडक्यात. पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंत दोन्ही बाजूंनी सुतळी ताणून मोजलं. डावीकडं अर्धा इंच जास्त. ठोकळ्याची पिन पाट्याच्या भोकात नीट बसलेली नाही आणि यू-बोल्ट हातभर पाना लावल्यावर अर्धी-अर्धी फेरी आवळले गेले. नवे पाटे घातल्यावर काही शे किलोमीटर चालवून यू-बोल्ट परत आवळायचे असतात, हे कुणी केलं नाही. मागचा एक्सल तिरका असला की तोही गाडी वळवतो, आणि माणूस वैतागून पुढचं स्टेअरिंग सावरत बसतो. ज्या गाडीत मागच्या एक्सलपाशी लोड बघून ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो, तिथं तर ठोकळे टाकले की व्हॉल्व्हला भरलेली गाडीही रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. ते वेगळं प्रकरण आहे, पण बाहेरच्या गाडीत तो व्हॉल्व्ह आहे का हे तू बघून ये आणि मला सांग.

तो शेतकरी फसला लातूरच्या बाजारात, जुन्या गाड्यांच्या. गाडी रुबाबदार दिसली, उंच, रुंद टायर, पोरांनी फोटो काढले. विकणाऱ्यानं भरून चालवून दाखवली असणार, नाहीतर मैदानात दोन चकरा. तो शेतकरी माणूस, त्याला सोयाबीनमधला ओलावा दातानं कळतो, कॅस्टर कळत नाही. कळायची अपेक्षाही नाही. ती अपेक्षा ज्याच्याकडून होती त्यानं बॉनेट उघडून स्क्रू पिळला.

‘सर, गिऱ्हाईक घाईत होतं.’ गिऱ्हाईक नेहमीच घाईत असतं. ऑक्टोबरात सोयाबीन अडतीवर न्यायचं असतं, भाव पडायच्या आत. म्हणून तर आधी वीस मिनिटं खाली झोपून बघायचं, म्हणजे दोनदा काम होत नाही. त्याची आता एक खेप बुडाली, नांदेडचं डिझेल गेलं, तुझं बिल गेलं. घाई कुणी वाचवली ह्यात?

आता काय करायचं ते ऐक. लिहून घे, डोक्यावर माझा विश्वास नाही.

ठोकळे आज निघतील, जास्तीचा एक-एक पाटाही. मालकाशी मी बोललोय, तो तयार आहे. त्याला रुबाब नको, सरळ चालणारी गाडी हवी. स्पेसर निघतील. मूळ मापाचे टायर तो महिन्याभरात घेईल, तोपर्यंत चारही टायरना सारखी हवा, पुढं कमी नाही. मागचा एक्सल सुतळीनं सरळ करून यू-बोल्ट टॉर्क रेंचनं, आळीपाळीनं. डावं बेरिंग. ड्रॅग लिंकचा जॉइंट आणि टोपी नवी. त्याच्यानंतरच बॉक्स मधोमध आणायचा, चाकं सरळ, ड्रॅग लिंकची लांबी अशी जुळवायची की जॉइंट आपोआप भोकात बसला पाहिजे, ओढून नाही. मग स्टेअरिंग काढून सरळ बसवायचं. स्क्रू आज आधी ढिला करायचा आणि शेवटी ड्रॅग लिंक सुटी असताना पुस्तकातल्या मापानं लावायचा. पुस्तक कपाटात आहे, चावी माझ्याकडं आहे. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. तू ते आधी केलंस म्हणून ते पैसेही पाण्यात गेले.

बॉक्स सेटिंगचे आणि अलाइनमेंटचे पैसे त्याला परत द्यायचे. रॉड एंडचे त्यानं मागितले तर तेही. हप्त्यानं दिलेस तरी चालेल, पण माझ्यासमोर. बॉक्समध्ये दात सोलले गेले असतील तर तेल काढल्यावर चुरा दिसेल. तसं निघालं तर बॉक्सही तुझ्या खर्चानं.

घड्याळाकडं काय बघायलास? नांदेडची शेवटची गाडी रात्री आहे, मिळेल तुला. नाहीतर शेडमध्ये झोप. ऊठ, जॅक घे, आणि भांडारातून स्टँड दोन नाही, चार आण. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली माझ्या शेडमध्ये कुणी जात नाही. आणि ती तार आधी काढ, मी बघत उभा आहे.